कोण कुणाचं काय लागतं?

एका जंगलात, म्हणजे मुलांनो, जिथे अजून थोडीफार झाडं उरली होती अशा एका जंगलात, अर्जुनाचं एक म्हातारं झाड होतं. त्या झाडाच्या बुंध्यात, अगदी जमिनीलगत, एक ढोली होती. ऐसपैस, कोरडी, हवेशीर. समोरच ओढा. अशा जागा आता कुठे मिळतात? नाही पटत तर आईबाबांना विचारा. फक्त ते जेवत असताना विचारू नका.

या ढोलीत साळू नावाची साळिंदर राहत होती. तिला नवरा होता. वाईट नव्हता बिचारा. पण काटे दोघांनाही होते, आणि आधी कोणी मिटायचे यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. शेवटी तो टेकडीच्या पलीकडे राहायला गेला आणि साळू अलीकडे आली. तेव्हापासून दोघांच्याही तब्येती सुधारल्या.

ढोलीत दुसरे होते ढालेकाका. ते कासव होते. इतके जुने, की आपला वाढदिवस कधी येतो हे ते विसरले होते आणि म्हणून मनात येईल तेव्हा तो साजरा करत. एका उन्हाळ्यात ते सावलीला म्हणून ढोलीत टेकले. साळू त्यांना उठा म्हणाली नाही. काकाही निघतो म्हणाले नाहीत. असे ते राहिले.

तिसरी टिल्ली. हे वानराचं पोर. तिच्या टोळीत नवा हुप्प्या आला. हुप्प्या म्हणजे वानरांचा पुढारी. आणि नव्या पुढाऱ्याला जुन्या पुढाऱ्याची पोरं डोळ्यांसमोर नको असतात. त्याने टिल्लीला हाकलून दिलं. ती रडत रडत ढोलीच्या दाराशी आली आणि साळूच्या पोटाला जी चिकटली ती चिकटलीच. साळिंदराच्या पोटाला काटे नसतात, मुलांनो. टिल्लीला हे पुस्तकात वाचावं लागलं नाही.

साळू कंद खणायची. टिल्ली शेंड्यावरच्या शेंगा तोडायची. काका अंधार पडला की दारात आडवे बसायचे. दाराला कासव लावलं की बिबट्या आत येत नाही. सकाळी तिघं मिळून गवती चहा घेत आणि एकमेकांना आदल्या दिवशीच्याच गोष्टी पुन्हा सांगत.

तिघांना भूक लागे, झोप लागे, अधूनमधून ठेच लागे. बाकी कोणी कुणाचं काही लागत नसे.

आता या जंगलाचे राजे होते वाघमहाराज. महाराज एकटे राहत. वाघीणबाई पोरांना घेऊन पलीकडच्या डोंगरावर राहत. आपल्याला पोरं किती, हे महाराजांना नेमकं सांगता येत नसे. त्यामुळे त्यांना कुटुंबव्यवस्थेची फार काळजी वाटे.

एके दिवशी ही काळजी अगदी असह्य झाली. महाराजांनी दवंडी पिटवली.

"ऐका हो ऐका! जंगलात ढोल्या कमी पडताहेत. यापुढे ढोली, बीळ, गुहा फक्त कुटुंबालाच! सुट्या प्राण्यांनी आपापल्या जागी जावं!"

सुट्या प्राण्यांच्या जागाही ठरल्या. म्हाताऱ्यांनी वृद्धांच्या डबक्यात जायचं. पोरांनी बालतळावर. बायकांनी काटेरी झुडपात, तिथे त्या सुरक्षित राहतात म्हणे. सुट्या नरांनी कुठे जायचं, हे सांगायचं मात्र राहून गेलं. महाराज स्वतः सुटेच होते.

पण कुटुंब म्हणजे नेमकं काय? हे ठरवायला बगळेसरांना नेमलं.

बगळेसर समाजशास्त्राचे. ते एका पायावर उभे राहून विचार करत. दुसरा पाय पुढच्या चर्चासत्रासाठी राखून ठेवत. त्यांच्या गळ्यात तीन चष्मे लोंबत असत. "हे माझे तीन दृष्टिकोन," असं ते ओळख करून देत. पहिला चष्मा लावला की घरात कोण कोणतं काम करतं ते दिसे. दुसरा लावला की कोण कुणाला राबवतं ते दिसे. तिसरा लावला की कोण कुणाला काय म्हणतं आणि म्हणताना नाक कसं मुरडतं ते दिसे. तिन्ही एकदम लावले तर काहीच दिसत नसे, आणि मग ते पुस्तक लिहीत.

कुटुंब आहे असं ठरलं की सर त्या दारावर एक पांढरा टिपका देत. टिपका कशाचा, ते विचारू नका. बगळ्याला चुना विकत आणावा लागत नाही.

सर घरोघर फिरू लागले. आधी धनेशांकडे गेले. धनेश पक्ष्याने बायकोला झाडाच्या ढोलीत बसवून दार मातीने लिंपून टाकलं होतं. फटीतून नुसती चोच बाहेर. धनेश दिवसभर फळं आणून त्या चोचीत घालत होता. सरांनी पहिला चष्मा लावला. "वा! कामाची किती सुरेख विभागणी!" पडला टिपका.

मग जाळ्यातल्या कोळ्याकडे गेले. कोळ्याची बायको एकटीच जाळं विणत बसली होती.

"यजमान?" सरांनी विचारलं.

"होते," ती म्हणाली आणि तिने तोंड पुसलं.

सरांनी दुसरा चष्मा लावला. "इथे संघर्ष आहे. पण तो मिटलेला आहे." पडला टिपका.

तिसरे सारस. नवरा-बायको जोडीने उभे होते. त्यांनी एकमेकांशी बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं. सरांनी तिसरा चष्मा लावला आणि त्यांचे डोळे भरून आले. "काय ही मूक भाषा!" पुन्हा टिपका.

आणि मग सर साळूच्या दारात आले.

साळू कंद सोलत होती. काका गोष्ट सांगत होते. टिल्ली गोष्ट मध्येच तोडून शेवट सांगत होती. सरांनी घसा साफ केला आणि पहिला चष्मा लावला.

"या घराचा कर्ता कोण?"

"कर्ता म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे हे घर ज्याने केलं, जो ते चालवतो..."

"घर झाडानं केलंय," काका म्हणाले. "आणि ते चालत नाही."

"निर्णय कोण घेतं?"

"काल शेंगा खायच्या की कंद, ते टिल्लीनं ठरवलं," साळू म्हणाली. "तिच्याच हाताला शेंगा आल्या होत्या ना."

सरांनी मान हलवली आणि चष्मा बदलला.

"भांडणं कशावरून होतात?"

"फारशी होत नाहीत हो."

"होत नाहीत?" सरांचा चेहरा उतरला. "वाटणीवरून? मानपानावरून? निदान एकमेकांच्या वाटच्या शेंगा खाण्यावरून?"

"टिल्ली झाडावरच पोट भरून खाते आणि उरलेल्या खाली आणते. आम्हाला त्या पुरतात."

सरांनी सुस्कारा सोडून तिसरा चष्मा लावला. ते टिल्लीकडे वळले. "बाळ, तू हिला काय म्हणतेस?"

"साळू."

"आई नाही म्हणत?"

"आई टोळीत आहे. ही साळू आहे," टिल्लीने समजावलं. एवढ्या मोठ्या पक्ष्याला एवढं कसं कळत नाही, असं तिला वाटलं.

सर काकांकडे वळले. म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं असं समजून ते मोठ्याने म्हणाले, "आजोबा! तुमचं कुटुंब?"

आणि मुलांनो, इथे घोटाळा झाला. तुमच्या पणजोबांच्या काळी कुटुंब म्हणजे बायको. 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय', 'आमच्या कुटुंबाला आंबट चालत नाही', असं पुरुष बोलत. बायकोचं नाव घ्यायची लाज वाटे, म्हणून अख्ख्या घराचं नाव तिला देऊन टाकत. ढालेकाका त्या काळातले.

काकांचे डोळे पाणावले. "कुटुंब गेलं हो," ते म्हणाले. "ओढ्याला मोठा पूर आला होता, त्यात वाहून गेलं. फार मायाळू होतं. तेव्हापासून मला कुटुंब नाही. पुन्हा करावंसंही वाटलं नाही."

"कुटुंब नाही," सर म्हणाले. "संपलं. घरातले ज्येष्ठच सांगताहेत."

"अहो सर, ते बायकोबद्दल बोलताहेत!" साळू धावत पुढे आली.

"बाई, मी प्रश्न स्पष्ट विचारला, उत्तर स्पष्ट आलं. पौर्णिमेला महाराजांचे रानकुत्रे येतील. तिघांना तीन जागी पोचवतील."

साळूने तिन्ही जागा मोजल्या. काका डबक्यात, पोर बालतळावर, आपण झुडपात. आणि डबक्यात काकांच्या गोष्टी ऐकायला कोण असणार? बालतळावर टिल्ली कुणाच्या पोटाला धरून झोपणार? तिने सरांच्या पायाशी डोकं टेकलं. एकाच पायाशी. दुसरा वर होता.

बगळेसर मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "पौर्णिमेच्या सकाळी मी याच वाटेने जाणार आहे. तोवर कुटुंबासारखं काही दिसलं तर बघू. पण दिसलं पाहिजे बाई. नुसतं एकत्र राहून चालत नाही."

साळू तडक धनेशीणबाईंकडे गेली. जंगलात पहिला टिपका त्यांच्या दाराला होता. धनेशीणबाईंनी फटीतून चोच बाहेर काढली.

"कुटुंब कसं असतं ते मला विचार," त्या म्हणाल्या. "बाहेर येता येत नाही, नाहीतर करूनच दाखवलं असतं. आधी एक सांग, म्हाताऱ्याला काय म्हणतेस?"

"काका."

"छे! तिथेच चुकतंय. आजपासून 'अहो'. त्याला वडील कर. वडिलांनी कमी बोलायचं आणि चहा मागायचा. पोरीला रोज कुणाचं तरी उदाहरण द्यायचं."

"आणि मी काय करायचं?"

"तू सगळं करायचं. आणि मधून मधून म्हणायचं, 'माझ्या कष्टांची या घरात कुणाला किंमत नाही.' म्हण बघू."

"माझ्या कष्टांची या घरात कुणाला किंमत नाही," साळू म्हणाली आणि तिला हसू आलं.

"हसायचं नाही," चोच म्हणाली.

घरी येऊन साळूने दोघांना सगळं समजावलं. टिल्लीला खेळ वाटला. ढालेकाका मात्र लाजले. या वयात वडील व्हायचं म्हणजे काय! पण टिल्लीला बालतळावर नेतील हे ऐकल्यावर ते लगेच वडील झाले.

सुरुवातीला त्यांना साधं घसा खाकरणंही जमेना. मग जमलं. मग ते चहा मागू लागले. मग चहात मध कमी पडलाय म्हणू लागले. एका संध्याकाळी साळू म्हणाली, "काका, दारात बसता ना?" तर ते म्हणाले, "मी घरचा कर्ता. दारात बसायला मी काय राखणदार आहे?" साळूला वाटलं, तालीम चाललीय. पण काका खरंच उठले नाहीत. तिने दाराला एक धोंडा लोटला आणि ती पाठ धरून झोपली.

टिल्लीला ते म्हणाले, "शेजारचा पोपट बघ. एकदा ऐकलं की पाठ. नाहीतर तू."

"पोपटाला शेंड्यावरच्या शेंगा तोडता येतात का?"

"उलट बोलायचं नाही!"

टिल्ली गप्प झाली. त्या घरात टिल्ली पहिल्यांदाच गप्प झाली होती. ती झाडावर गेली आणि वरच्या फांदीवर झोपू लागली.

आणि साळू? ती रोज पाठ केलेलं वाक्य म्हणे. माझ्या कष्टांची या घरात कुणाला किंमत नाही. आधी हसत म्हटलं. मग सवयीने. मग एके दिवशी कंद खणताना कोणी ऐकायला नसतानाही म्हटलं, आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला ते पटलंय. तिला फार वाईट वाटलं. पण ती स्वतःला समजावत राहिली, फक्त पौर्णिमेपर्यंत. पौर्णिमेपर्यंत सोसलं की झालं.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. बगळेसर आले. एक पाय वर घेऊन उभे राहिले.

"अहो," साळू गोड आवाजात म्हणाली, "सर आलेत."

"आलेत तर चहा आण," काका म्हणाले. "सगळं मीच सांगायचं का?"

हे तालमीत नव्हतं. साळूचे काटे जरासे उभे राहिले.

"आणते. मीच आणते. कंदही मीच खणते. दाराला धोंडाही मीच लावते, कारण तुम्हाला आता दारात बसायचा कमीपणा वाटतो."

"बघितलंत सर? माझं या घरात कोण ऐकतं? टिल्ली, खाली ये. सरांना नमस्कार कर."

"नाही करत," फांदीवरून आवाज आला.

"बघा! हिच्या लाडांनी पोर बिघडली."

"माझ्या लाडांनी?" साळूचे सगळे काटे खडखडा वाजले. "आणि त्या पोपटाचं टुमणं कुणी लावलं सारखं? पोर जेवेनाशी झालीय ते दिसतं का तुम्हाला?"

"मी बाप आहे तिचा!"

"बाप म्हणे! दोन दिवस घसा खाकरता आला की झाले बाप!"

"पुरे!" वरून टिल्ली किंचाळली. फांदी गदागदा हलली. "पुरे करा! तुम्ही माझे बाबा नाही! आणि तू... तू माझी आई नाहीस! मला या घरात राहायचंच नाही!"



साळूचे काटे आपोआप मिटले. संपलं, तिला वाटलं. पोरीने खरं तेच सांगितलं होतं, आणि नेमकं सरांसमोर सांगितलं होतं. रागाच्या भरात आपणच घर घालवलं. काकांनी तर डोकं, पाय, शेपूट, जे काही होतं ते सगळं आत ओढून घेतलं.

बगळेसरांनी पहिला चष्मा लावला. मग दुसरा. मग तिसरा. मग त्यांनी तिन्ही काढून ठेवले, आणि वर घेतलेला पाय चक्क जमिनीवर टेकला.

"वा!" ते म्हणाले. "वा, वा, वा!"

साळूला काही कळेना.

"ऐकलंत का मुलगी काय म्हणाली? 'तू माझी आई नाहीस!' बाई, हे वाक्य परक्या बाईला कोण म्हणेल? परक्या बाईला 'नमस्कार मावशी' म्हणतात. असं किंचाळून सांगायला समोर आईच लागते. 'या घरात राहायचंच नाही' म्हणाली. घर असल्याशिवाय हे म्हणता येतं का? तुम्ही काय म्हणालात? पोर जेवत नाही! आणि हे आजोबा..." सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "आमचे वडील असेच बसायचे. डोकं आत घालून. काय घर होतं आमचं!"

"पण सर, मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी तुम्ही फारच आनंदात होता. मला संशयच आला. इतक्या आनंदात मी फक्त सहलीला आलेले प्राणी पाहिलेत."

असं म्हणून सर वळले, दाराकडे पाठ करून नीट उभे राहिले, आणि पडला टिपका. जंगलातल्या सगळ्या टिपक्यांत तो मोठा होता. मग ते डोळे पुसत उडून गेले. थोड्या वेळाने रानकुत्रे आले, टिपका बघून हिरमुसले आणि निघून गेले.



"टिल्ली," साळूने हाक मारली. "खाली ये."

"मी तुला आई नाहीस म्हटलं."

"नाहीच आहे मी."

"रागावली नाहीस?"

"आई असते तर रागावले असते. मी साळू आहे. ये खाली, कंद गार होताहेत."

टिल्ली सरसर खाली आली आणि तिने दोन्ही हातांनी कंद तोंडात कोंबले. तिला फार भूक लागली होती.

कवचातून हळूच एक डोकं बाहेर आलं. "साळू, मी अजून कर्ता आहे का गं?"

"नाही, काका."

"सुटलो बाई! मान अवघडून गेली होती." काका जरा घुटमळले. "तो पोपट आहे ना, टिल्ली... मूर्ख आहे तो. काय बोलतो ते त्याला स्वतःला कळत नाही. मलाही कळत नव्हतं."

टिल्लीने हातातला कंद मोडून अर्धा त्यांना दिला.

"चहा मी ठेवतो," काका म्हणाले.

"तुम्हाला चुलीपर्यंत पोचायला दुपार होईल."

"मग दुपारचा ठेवतो."

काका निघाले. टिल्ली त्यांच्या पाठीवर चढून बसली आणि त्यांना रस्ता दाखवू लागली. रस्ता चार पावलांचा होता.

"साळू," तिने मागे वळून विचारलं, "मग आता आपण एकमेकांचं कोण?"

साळूने इकडेतिकडे पाहिलं. कोणी बगळा दिसत नव्हता.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. पण हे बाहेर कुठे बोलायचं नाही."

तात्पर्य : सुखाने एका घरात राहायचं असेल तर कोणी कुणाचं काही लागू नये. तपासायला कोणी आलंच तर तेवढ्यापुरतं आईबाप, मुलंबाळं व्हावं, कडाडून भांडावं, आणि तो गेला की पुन्हा परक्यांशी वागतो तसं मायेने वागावं.